विंडोजवर मुक्त सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर शनिवारी संध्याकाळी मी दोन तास लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायला बसतो. कॉलेजातली मुलं येतात, निवृत्त शिक्षक येतात, सोसायट्यांचे सेक्रेटरी येतात, झेरॉक्सच्या दुकानातली मंडळीही येतात. जवळजवळ सगळ्यांकडे विंडोज असतं आणि बऱ्याच जणांना ते सोडणं शक्य नसतं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मुक्त म्हणजे फुकटच ना?

नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडे वर्षानुवर्षं खुलासे करावे लागले. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे वेगळे शब्द आहेत, तर ते वेगळेच ठेवूया. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्यात तुम्हाला चार गोष्टींची मोकळीक आहे: कोणत्याही कामासाठी चालवणं, आतला कोड वाचून बदलणं, दुसऱ्याला प्रत देणं आणि बदललेली प्रतही वाटणं. फुकट मिळणारे कितीतरी प्रोग्राम यातलं काहीच देत नाहीत. उलट मुक्त सॉफ्टवेअर विकायला काही हरकत नाही. लिहिण्या-हिशोबाचं लिब्रऑफिस आणि चित्रकारांचं क्रिता मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये पैसे देऊन मिळतात, आणि त्यांच्या स्वतःच्या साइटवर विनामूल्य. पैसे देणाऱ्याची फसवणूक होत नाही, ते पैसे प्रकल्पाच्या कामी येतात.

पण खाली विंडोजच असेल तर वर मुक्त साधनं वापरून काय साधलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि मनापासून विचारला जातो. विचारणाऱ्याला वाटतं, अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

मला तसं वाटत नाही. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची, म्हणजे पूर्णपणे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम उभारायच्या कामाची, घोषणा केली. १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स हा मजकूर-संपादक आला, १९८७ मध्ये जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, आला. ही साधनं तेव्हा चालायची कुठे? कंपन्यांच्या मालकीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर, कारण दुसरी जमीनच नव्हती. लिनक्स कर्नल, म्हणजे मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९१ मध्ये आला. म्हणजे सात-आठ वर्षं मुक्त साधनं परक्या जमिनीवरच वाढली, आणि स्वतःची जमीन मिळाली तेव्हा घरातलं सामान तयार होतं.

नवी मुंबईकराला हे चटकन पटावं. फ्लॅट आपला, हप्ते आपण भरतो, पण खालची जमीन सिडकोने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. म्हणून आपण घरात भांडीकुंडी भाड्याने आणत नाही.

माझ्या लेखी खरा मुद्दा फायलींचा आहे. विंडोज बदलता येतं, लॅपटॉप बदलता येतो. वीस वर्षांची पत्रं, हिशोब, चित्रं आणि प्रबंध अशा स्वरूपात अडकले की ते एकाच कंपनीच्या प्रोग्राममध्ये उघडतात, तर ते पुन्हा लिहावे लागतात. लिब्रऑफिसचं ओडीएफ हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे नियम छापलेले आहेत, उद्या कोणीही ते वाचणारा प्रोग्राम लिहू शकतो. आधी फायली सोडवा, जमिनीचं नंतर बघू.

विंडोज माझ्यावर नजर ठेवतं, ते यामुळे थांबेल का?

नाही. विंडोजचा कोड बंद आहे, तो काय पाठवतो हे वरचा प्रोग्राम मुक्त असल्याने बदलत नाही. सेटिंगमधून निदानासाठी जाणारी माहिती कमीत कमी करा. तेवढंच हातात आहे.

सुरुवात कशाने करू?

ज्याच्यावाचून रोज अडतं त्याने. वेब बघायला फायरफॉक्स, लिहायला आणि हिशोबाला लिब्रऑफिस, व्हिडिओला व्हीएलसी, झिप सोडवायला सेव्हन-झिप, पासवर्ड ठेवायला कीपास एक्ससी. फोटोसाठी गिंप, रेखाचित्रांसाठी इंकस्केप, आवाजासाठी ऑडॅसिटी. एका दिवसात सगळं बसवू नका. एक साधन आणा, महिनाभर वापरा, मग दुसरं.

व्हीएलसीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पुष्कळांची मुक्त सॉफ्टवेअरशी पहिली ओळख त्यानेच झालेली असते. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ दाखवायला ते सुरू केलं, आणि २००१ मध्ये ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं झालं. ते 'काहीही उघडतं', कारण व्हिडिओ उलगडायची यंत्रणा ते विंडोजकडून उसनी घेत नाही, स्वतःच्या पोटात घेऊन येतं.

डाउनलोड कुठून करायचं?

प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरून. हे वाक्य मी प्रत्येकाला म्हणायला लावतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या खराब लॅपटॉपपैकी बहुतेकांची कहाणी इथेच सुरू होते. शोधयंत्रात 'व्हीएलसी डाउनलोड' टाकलं की सगळ्यात वर जाहिरात येऊ शकते. हिरवं बटण, व्हीएलसीच्या चिन्हातला तोच शंकू, पत्ता मात्र भलताच. तिथून आलेल्या इन्स्टॉलरमध्ये व्हीएलसी असतंही, पण सोबत न मागितलेला टूलबार आणि 'तुमचा पीसी स्लो आहे' म्हणणारा प्रोग्राम येतो. व्हीएलसीचा खरा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. लिब्रऑफिसचा लिब्रऑफिस डॉट ऑर्ग. आधी पत्ता वाचा, मगच बटण दाबा.

आलेली फाइल तीच आहे का, हेही तपासता येतं. बऱ्याच प्रकल्पांच्या पानावर फाइलशेजारी ६४ अक्षरांचा एक आकडा दिलेला असतो, त्याला एसएचए-२५६ म्हणतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'गेट-फाइलहॅश' हा हुकूम देऊन पुढे फाइलचं नाव दिलं की तुमच्या फाइलचा आकडा दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत, एका अक्षराचाही फरक चालत नाही.

'विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं' अशी निळी खिडकी आली, म्हणजे व्हायरस आहे का?

तसं असेलच असं नाही. ज्या प्रोग्रामवर डिजिटल सही नाही किंवा जो फारसा डाउनलोड झालेला नाही, त्याला स्मार्टस्क्रीन हा विंडोजचा पहारेकरी अडवतो. सहीचं प्रमाणपत्र दरवर्षी पैसे देऊन घ्यावं लागतं आणि लहान प्रकल्पांना ते परवडत नाही. आधी वरच्या उत्तरातली तपासणी करा. आकडा जुळला तर 'अधिक माहिती' दाबून पुढे जा. तपासणी केली नसेल तर तिथेच थांबा.

माझ्या नव्या लॅपटॉपवर स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही.

तो एस मोडमध्ये, म्हणजे फक्त स्टोअरमधलंच बसू देणाऱ्या मोडमध्ये, असेल. सेटिंगमधून बाहेर पडता येतं, पैसे लागत नाहीत, पण परत त्या मोडमध्ये जाता येत नाही.

मराठीचं काय? लिब्रऑफिसमध्ये मराठी नीट चालतं का?

चालतं. पण दोन-तीन गोष्टी आधी कराव्या लागतात, त्या न केल्याने लोक कंटाळून परत जातात.

पहिली गोष्ट म्हणजे पर्यायांमधल्या भाषांच्या पानावर जटिल लिपीची (म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची) सोय चालू असल्याची खात्री करा आणि तिथली भाषा मराठी करा. लिब्रऑफिस रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगळे धरतं, आकारसुद्धा वेगळा. शैलीत रोमन १२ आणि देवनागरी १० असेल तर एकाच ओळीत अक्षरं लहानमोठी दिसतात, आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. ते बिघडलेलं नसतं, शैलीच्या खिडकीत खालचा दुसरा कप्पा भरायचा राहिलेला असतो. हिशोबाच्या पानावर १,००,००० असा लाखाचा स्वल्पविराम हवा असेल, तर त्या रकान्याची भाषा मराठी किंवा भारतीय इंग्रजी करा.

दुसरी गोष्ट फॉन्टची. विंडोजसोबत निर्मला येतो, तो ठीक आहे. पण मुक्त परवान्याचे देखणे फॉन्ट आपल्याच आसपास तयार झाले आहेत: मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू, पवईच्या आयआयटीतून आलेला शोभिका. लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत कुठेही वापरा, कोणाला विचारावं लागत नाही. पुस्तक किंवा स्मरणिका लावायची असेल तर स्क्रायबस घ्या, पण १.६ किंवा त्यापुढचीच आवृत्ती. जुन्या १.४ मध्ये जोडाक्षरं फुटायची, आणि तिच्यामुळे 'स्क्रायबसला मराठी येत नाही' हा समज अजून टिकून आहे.

तिसरी गोष्ट जुन्या फायलींची. मागे शेजारच्या सेक्टरमधल्या सोसायटीचे सेक्रेटरी काका पेनड्राइव्हवर पंधरा-सोळा वर्षांची इतिवृत्तं घेऊन आले. लिब्रऑफिसमध्ये उघडली, तर सगळीकडे रोमन अक्षरं, डॉलर आणि टक्क्यांची चिन्हं. काका घाबरले, 'अरे, तुझ्या सॉफ्टवेअरने सगळं खाल्लं.' फायली शाबूत होत्या. त्या युनिकोडआधीच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा मिळण्याआधीच्या, डीटीपी फॉन्टात टाइप केलेल्या होत्या. त्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या खणात देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, मराठी फक्त त्या फॉन्टच्या डोळ्यांनी दिसते. फॉन्ट नसेल तर कोणत्याही प्रोग्राममध्ये असाच कचरा दिसेल.

उपाय म्हणजे त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं साधन चालवणं, आणि नंतर डोळ्यांत तेल घालून वाचणं. पहिल्या फेरीत आमच्या सगळ्या 'वर्गणी'च्या 'वगर्णी' झाल्या होत्या. जुन्या फॉन्टात रफार 'ग'नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो 'र्' म्हणून 'ग'च्या आधी साठवला जातो. पहिल्या वेलांटीची गत उलटी. तेवढं शोधून बदलायला दोन शनिवार गेले. आता काकांना कोणत्या सभेत लिफ्टचा ठराव झाला हे शोधायला एक शब्द टाइप करावा लागतो. आधी सोळा फायली उघडून बघायला लागायच्या.

छापील मराठी कागद स्कॅन करून मजकूर काढता येतो का?

येतो. टेसरॅक्ट हे साधन एचपीमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलं, २००५ मध्ये खुलं झालं, आणि त्याला मराठी वाचता येतं. विंडोजवर ते हाताने चालवण्यापेक्षा नॅप्स-टू नावाचा स्कॅनिंगचा मुक्त प्रोग्राम घ्या. त्यात मराठी भाषा निवडून उतरवता येते. स्कॅन ३०० डीपीआयला करा, पान सरळ ठेवा. चांगल्या छपाईचं पुस्तक छान वाचलं जातं. खिळ्यांच्या छपाईचा पिवळा पडलेला अंक असेल तर प्रत्येक ओळ तपासावी लागते. हस्ताक्षराची अपेक्षा धरू नका.

फोल्डरला मराठी नाव दिलं आणि प्रोग्राम 'फाइल सापडत नाही' म्हणतो.

विंडोजमध्ये जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांसाठी बऱ्याच भाषांची कोड पेज नावाची अक्षरांची तक्ता-यादी असते. देवनागरीसाठी अशी यादी विंडोजने कधी ठेवलीच नाही, आपल्या भाषा थेट युनिकोडमधूनच आल्या. त्यामुळे युनिक्सकडून आणलेलं एखादं साधन जुन्या वाटेने फाइलचं नाव मागतं, तेव्हा 'हिशोब'च्या जागी त्याला नुसती प्रश्नचिन्हं मिळतात. २०१९ च्या विंडोज १० पासून प्रोग्रामला यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, मागता येते आणि नवी साधनं ती मागतात, पण सगळी नाही.

म्हणून कॉम्प्युटर पहिल्यांदा लावताना वापरकर्त्याचं नाव रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. घराच्या फोल्डरला तेच नाव लागतं आणि नंतर बदलणं फार त्रासाचं असतं. फायलींच्या आतला मजकूर मराठीत असू द्या, त्याला काही होत नाही. आपल्या भाषेतल्या नावाला अडखळणारं साधन मुक्त असेल तर निदान तक्रार नोंदवता येते, आणि ती सगळ्यांना दिसते. मी अशा तक्रारी लिहिल्या आहेत. दोन दुरुस्तही झाल्या.

कॉलेजात टर्बो सी++ शिकवतात. घरी तेच बसवू का?

नको. आणि हे मी जरा जोर देऊन सांगतो.

ऐरोलीच्या एका मुलीने तिचा प्रोग्राम आणला होता. ८ चं फॅक्टोरियल. कॉलेजातल्या मशीनवर उत्तर आलं उणे २५२१६. तिला वाटलं आपलं लूप चुकलं, दोन दिवस ती तेच तपासत होती. लूप बरोबर होतं. टर्बोमध्ये पूर्णांक १६ बिटांचा, तो ३२७६७ च्या पुढे जात नाही. खरं उत्तर ४०३२०, त्यातून ६५५३६ वजा झाले. तोच प्रोग्राम जीसीसीवर चालवला तर ४०३२० आलं, कारण तिथे पूर्णांक ३२ बिटांचा. त्या एका आकड्यावरून तिला मेमरीबद्दल जेवढं कळलं तेवढं पाठ करून कळलं नसतं, पण त्यासाठी दोन्ही कंपायलर शेजारी असायला हवे होते.

सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चं, टर्बो त्याच्याही आधीचं. म्हणून तिथलं 'आयोस्ट्रीम डॉट एच' नव्या कंपायलरला सापडत नाही, तिथे शेवटचं 'डॉट एच' काढून टाका. 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहा. 'क्लीअरस्क्रीन'ची ओळ पुसून टाका, तिच्यावाचून काही अडत नाही.

विंडोजवर सोपा मार्ग म्हणजे कोडब्लॉक्स. डाउनलोडच्या पानावर ज्या फाइलच्या नावात 'मिनजीडब्ल्यू' आहे तीच घ्या. दुसरी घेतलीत तर संपादक मिळेल आणि कंपायलर मिळणार नाही. परीक्षेत टर्बोच्या पद्धतीने लिहावं लागत असेल तर तसं लिहा, मार्क घालवू नका. घरी मात्र आजची भाषा शिका.

सिग्विन, एमएसवायएस-टू, डब्ल्यूएसएल. यातलं काय घेऊ?

तिन्ही विंडोजवर युनिक्स-लिनक्सची साधनं आणतात, पण वेगळ्या कामांची आहेत. सिग्विन १९९५ पासून आहे. त्याची एक डीएलएल फाइल मध्ये बसून युनिक्सच्या विनंत्या विंडोजला समजावते, पण प्रोग्राम त्यासाठी पुन्हा कंपाइल करावे लागतात. एमएसवायएस-टू मुख्यतः खरेखुरे विंडोजचे प्रोग्राम बांधण्यासाठी. डब्ल्यूएसएल २०१६ मध्ये आलं. त्याची दुसरी आवृत्ती, जी २०२० पासून सगळ्यांना मिळाली, तिच्यात हलक्या आभासी मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नल चालतो. मे २०२५ मध्ये खुद्द डब्ल्यूएसएलचा बराचसा कोडही खुला झाला.

शिकणाऱ्याने डब्ल्यूएसएल घ्यावं. हुकूम मी फोनवर सांगतो तसा सांगतो: पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, 'डब्ल्यूएसएल' टाइप करा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून 'इन्स्टॉल'. मशीन पुन्हा सुरू केलं की उबुंटू नावाचं लिनक्स येतं. चूक दाखवलीच तर बहुधा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (आभासी मशीन चालवायची सोय) बंद असतं. आणि कामाच्या फायली सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या घरात ठेवा. दोन्हींमधली ये-जा फार हळू असते, हजारो छोट्या फायलींचा प्रकल्प असेल तर लगेच जाणवतं.

टॅली आणि जीएसटीचं काम यावर होईल का?

दुकान चालवत असाल तर टॅली हलवू नका. ग्नूकॅश घरखर्चाला उत्तम आहे, पण तुमचा सीए टॅलीची फाइल मागणार. सरकारी विवरणपत्रांच्या काही ऑफलाइन फायली मॅक्रोवाल्या एक्सेलमध्ये असतात, त्या लिब्रऑफिसमध्ये धड चालत नाहीत. त्या एका कामाला एक्सेल ठेवा.

धंद्यासाठी वापरलं तर परवान्याचे पैसे लागतात का?

नाही. दुकानात, क्लासमध्ये, कारखान्यात, कितीही मशीनवर. गिंपमध्ये केलेलं डिझाइन तुमचं, जीसीसीने बांधलेला प्रोग्राम तुमचा. जीपीएलच्या अटी लागतात ते सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर, मग ते बदललेलं असो वा नसो. चोरीच्या प्रतीवर चालणाऱ्या दुकानदाराला मी हे आवर्जून सांगतो: धाड पडण्याची भीती एका संध्याकाळीत संपते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू का?

आयटी विभागाला लेखी विचारा. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत पेनड्राइव्हवरून प्रोग्राम चालवणंसुद्धा नियमाविरुद्ध असू शकतं. नोकरी पणाला लावण्याइतकं हे महत्त्वाचं नाही.

एकदा बसवलं की झालं ना?

नाही. सेव्हन-झिप स्वतःहून अद्ययावत होत नाही. मी पाच-पाच वर्षं जुन्या प्रती पाहिल्या आहेत, आणि मेलमधून आलेलं अनोळखी झिप त्यातच उघडलं जातं. विंडोजमध्ये विंगेट नावाचं साधन असतं. पॉवरशेलमध्ये 'विंगेट अपग्रेड' लिहून, जागा सोडून, दोन आडव्या रेघा आणि 'ऑल' लिहिलं की त्याला ओळखीचं असलेलं सगळं नवं होतं. महिन्यातून एकदा करा. संकष्टीला करा म्हणजे लक्षात राहील, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी सांगतात आणि त्या खरंच करतात.

कोड खुला आहे म्हणता, पण तो खरंच कोणी तपासतं का?

नेहमी नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दाबून साठवणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट घालून ठेवल्याचं उघड झालं. त्या व्यक्तीने आधी दोन वर्षांहून जास्त काळ काम करून विश्वास मिळवला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्यांनी त्याचा छडा लावला. ते नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते. निशाणा लिनक्सचे सर्व्हर होते, तुमचं विंडोज नव्हे. मी हा प्रसंग दोन्ही बाजूंनी सांगतो: चोरवाट घुसली हे खरं, आणि बाहेरच्या एका माणसाला ती शोधता आली, कारण त्याला कोड उघडून बघायची मुभा होती.

विंडोज १० चा आधार संपला. आता?

१४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनमध्ये सुरक्षेची टीपीएम २.० ही सोय नसते, म्हणून विंडोज ११ रीतसर बसत नाही. मशीन भंगारात देण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. वर सांगितलेली साधनं वर्षभर वापरली असतील तर तिथे फायरफॉक्स तेच, लिब्रऑफिस तेच, फायली त्याच. गेल्या काही महिन्यांत ज्यांचे लॅपटॉप आम्ही असे बदलले, त्यांना प्रिंटरपुरतंच अडलं.

मराठीतून शिकायचं कुठे?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात. लिब्रऑफिस, गिंप, इंकस्केप आणि अशा पुष्कळ साधनांचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात आहेत. त्यांच्याच फॉसी प्रकल्पातून इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किटांसाठी ई-सिम (फोनचं सिम नव्हे) मिळतं आणि रासायनिक प्रक्रियांसाठी डीडब्ल्यूसिमचं साहित्य. नवी मुंबईतल्या टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात रसायनांच्या कारखान्यात नोकरी शोधणाऱ्या मुलांनी ते आवर्जून पाहावं. दोन्ही विंडोजवर चालतात.

मला कोड लिहिता येत नाही. मी काय देऊ शकतो?

मराठी. लिब्रऑफिसच्या मेनूतले मराठी शब्द स्वयंसेवकांनी बसवले आहेत आणि काही ठिकाणी ते अवघडलेले आहेत. वाचा, चुकलेलं कळवा, चांगला शब्द सुचवा. शिक्षकांनी हे काम हातात घेतलं तर फार बरं होईल.

शनिवारी येताना काय आणू?

चार्जर, ॲडमिनचा पासवर्ड आणि रिकामी हार्ड डिस्क. बॅकअप नसेल तर त्या दिवशी फक्त बॅकअप घेऊ. बाकीचं पुढच्या शनिवारी.